जिनाच्या पट्ट्याने बांधलेली बोट

जळगाव,
ता. ४ सप्टेंबर १९७३

प्रिय डोंगरसिंग,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, घरी सगळं क्षेम आहे. गेल्या आठवड्यात मामांच्या कामासाठी चोपड्याला गेलो होतो, तिथे बाजारात तुझी मोतीबाई भेटली. टोपलीत करटुली घेऊन बसली होती. ज्वारी चांगली वर आली आहे, शेळीला दोन करडं झाली आहेत आणि घराचं छप्पर यंदा तिने एकटीने शाकारलं. हे सगळं हसत हसत सांगून झाल्यावर तिने मला एवढंच विचारलं, "भाऊ, त्यासनी बदली कव्हय व्हई?" मी घाईघाईने दोन किलो करटुली घेतली आणि तिथून सटकलो. पर्युषणात आपल्याकडे हिरवी भाजी शिजत नाही, याची आठवण कुसुमलताने घरी आल्यावर करून दिली. करटुली शेजाऱ्यांकडे गेली आणि मोतीबाईचा प्रश्न माझ्याकडे राहिला.

आता तुझ्या कामाची बातमी. पुरासाठी कलेक्टर कचेरीला नवी बोट मिळते आहे, सोबत नवा ट्रेलर. तो ओढायच्या जीपवर जळगावातच एक ड्रायव्हर नेमायचा आहे आणि सोमवारी नाव ठरणार आहे. तूही अर्ज केला आहेस, हे मला तुझ्याकडून नाही, कचेरीतल्या साहेबांकडून कळलं. गेल्या गुरुवारी ते दुकानात बोट बांधायचं सामान बघायला आले होते. नवे आहेत, अंगावरचा शर्टसुद्धा कोरा करकरीत. त्यांचं मन नायलॉनच्या दोरावर बसलं होतं. पांढराशुभ्र, चमकदार, हातात घेतला की सोडवत नाही. मग मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि अर्धा तास तुझं भाषण ऐकवलं. नायलॉन ताणतो, पंधरा मैल खड्डे खाल्ले की बोट मागे डुलायला लागते. सुताचा दोर ओला बांधला तर वाळल्यावर सैल पडतो, कोरडा बांधला तर पावसात इतका आवळतो की बोटीची फळी करकरते. काथ्या कडा खरवडतो. बोटीला हवा रुंद पट्टा, चार बोटांचा, आणि असा की बोटीच्या तिप्पट ओझं एकट्याने पेलेल. कारण तीन पट्ट्यांतला एक जरी तुटला तरी खड्ड्यात बोट उरलेल्या दोघांतून निसटते. साहेबांनी विचारलं, शेटजी, हे सगळं कुठे शिकलात? मी म्हटलं, एका ड्रायव्हरकडून. नाव सांगितलं नाही.

तुला आठवतं, पहिल्यांदा तू पट्टे मागायला आलास तेव्हा मी दुकानात नवाच बसायला लागलो होतो. चोपड्याच्या शाळेतला माझ्या बाकावरचा डोंगरसिंग सरकारी जीप घेऊन आला म्हणून मी गल्लीभर मिरवलो होतो. तू सरळ चामड्याचे पट्टे मागितलेस आणि बापूजींनी कानांवर हात ठेवले. आमच्या दुकानात चामड्याची वादीसुद्धा चढलेली नाही, हे तुला माहीत होतं तरी तू मुद्दाम त्यांना छेडलंस. मग कापसाच्या जिनाच्या यंत्राला लागतो तो रबर चढवलेला कॅनव्हासचा पट्टा तूच कोपऱ्यातून ओढून काढलास. त्याचा एक तुकडा रात्रभर बादलीत भिजवलास, दुसऱ्या दिवशी त्याला दगड टांगून ठेवलास आणि दोन वेळा वितीने मोजलास. तसूभर वाढला नाही, तेव्हा कुठे तू हसलास. बापूजी म्हणाले, हा पोरगा माझ्या धंद्यात असता तर! मी शेजारीच बसलो होतो हे त्यांच्या लक्षात नसावं.

बांधायची रीतही तुझीच. दोन पट्टे आडवे, एक बोटीच्या नाकाडाच्या कडीतून पुढे. कडेशी गोणपाटाची घडी, म्हणजे लाकूड पट्ट्याला खात नाही. पट्ट्याला मध्ये एक पीळ, म्हणजे वाऱ्यात तो फडफडून झिजत नाही. आणि निघाल्यावर पाच मैलांनी गाडी थांबवून पुन्हा आवळायचं, मग मागे कलेक्टर का असेना. पावसाळा संपला की तू पट्टे आमच्याकडे आणून टाकायचास, कारण कचेरीचं गोदाम गळायचं. गाळ गोड्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचे, गुंडाळी सैल करून खुंटीला टांगायचे आणि देताना हात हात उलगडून दोन्ही बाजूंनी बघायचे. आणि तेल लावायचं नाही. हे शेवटचं तू मला तीनदा बजावलं होतंस.

मी लावलं. त्या वर्षी पट्टे मला कडक वाटले, आणि मऊ झाले तर तुला बांधायला सोपं जाईल असं माझ्या मनात आलं. शेंगदाण्याचं तेल, चांगलं वाटीभर, हाताने चोळून. शाबासकी मिळेल म्हणून तुला सांगितलंही नाही. आमच्या दुकानातल्या उंदरांचं तर तुला ठाऊकच आहे. बापूजी त्यांना पिंजऱ्यात धरून डाळमिलमागे अलगद सोडून यायचे आणि ते जेवूनखाऊन परत यायचे. त्यांना शेंगदाण्याचा वास लागला. एका आडव्या पट्ट्याच्या गुंडाळीत, बकलाच्या आतल्या बाजूला त्यांनी काय करून ठेवलं होतं ते बाहेरून दिसत नव्हतं.

तापीला पूर आला तो दिवस पर्युषणातला. तू सकाळी धावत आलास, काठावरच्या वस्तीतली अकरा माणसं देवळाच्या छपरावर अडकली होती. मी व्याख्यानाला आमच्या जैन स्थानकात निघालो होतो. उशीर झाला होता, महाराजांचं बोलणं सुरू झाल्यावर आत शिरलं की सगळे वळून बघतात. मी गुंडाळ्या तशाच तुझ्या हातात दिल्या. तू विचारलंस, "देखेल शे ना?" आणि मी हो म्हणालो. एक हो म्हणायला किती वेळ लागतो! त्या दिवशी व्याख्यान सत्यावर होतं, हे तुला मी आजवर सांगितलेलं नाही.

पुढचं मी लोकांकडून ऐकलं. धरणगावच्या पुढे मोरीवर पट्टा तुटला, बोट घसरून खाली गेली आणि तळाची फळी फुटली. तू शेतातली माणसं गोळा केलीस, बोट पाऊण मैल खांद्यावर नेलीस, भगदाडात स्वतःचं धोतर कोंबून वर डांबर थापलंस आणि तीन खेपांत अकराच्या अकरा माणसं काढलीस. शेवटच्या खेपेला एक बाई तुझ्या चड्डीला हसली, असं तू नंतर सांगायचास. ती हसायला जिवंत होती, हे तुझ्यामुळे. त्या अकरांपैकी एकही कमी झाला असता तर मी आज कुठे तोंड दाखवलं असतं? हे मी रोज मनात म्हणतो, आज लिहून म्हणतो. डोंगरसिंग, तू त्यांना वाचवलंस आणि त्यांच्यासोबत मलाही.

दोन दिवसांनी तू दुकानात आलास. बापूजी आत जेवत होते. तू खिशातून पट्ट्याचं कुरतडलेलं टोक काढून माझ्यासमोर ठेवलंस. सुरीने कापून आणलं होतंस, चौकशीला सापडू नये म्हणून. मी ते उचलून हातात घेतलं. तूच म्हणालास, "आते बोलू नको. बठ्ठा वाचनात, बस शे." सगळे वाचले, तेवढं तुला पुरेसं होतं. दुकानाचं नाव गेलं तर बापूजी खचतील, तुझी फार तर बदली होईल, असा तुझा हिशेब. तो चुकला. 'बांधणीत निष्काळजीपणा' असा शेरा पडला, स्टिअरिंग सुटलं आणि तुझ्यासारखा माणूस सहा वर्षं धुळ्याच्या वर्कशॉपात दुसऱ्यांच्या जीपा धुतो आहे. मोतीबाई तिकडे एकटी नांगर धरते. आणि सुटीत भेटलास की तू मलाच विचारतोस, अभयशेट, चेहरा का उतरला?

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी संवत्सरी असते; तिच्यानंतर आम्ही सगळ्या ओळखीच्यांना क्षमापनेची कार्डं पाठवतो, तुलाही दरवर्षी येतं. 'जाणता-अजाणता आपलं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी.' सोनेरी शाई, खाली दुकानाचा पत्ता. तूही दरवर्षी उलट टपाली लिहितोस, 'क्षमा केली, पेढे कधी?' परवा संवत्सरी झाली. काल कुसुमलता कार्डांवर पत्ते लिहीत होती. तुझं कार्ड तिने बाजूला काढलं आणि म्हणाली, "हे छापील नको. यांना तुम्ही हाताने लिहा." मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं. ते कुरतडलेलं टोक माझ्या पेटीत तळाशी आहे, ते तिने कधीच पाहिलं असणार. बायका सगळं बघतात आणि बोलायला योग्य दिवस निवडतात.

तर आता हे पत्र का, ते सांगतो. गुरुवारी जाताना साहेब म्हणाले होते, पट्टे मजबूत द्या शेटजी, मागे एका निष्काळजी ड्रायव्हरने बोट पाडली होती; त्याचाच अर्ज आला आहे, पण त्या शेऱ्यावर त्याला कोण घेणार? आणि मी, अकरा माणसांचं आणि एका मित्राचं ओझं ज्याच्या अंगावर आहे असा मी, मान हलवून नायलॉनचा दोर गुंडाळत बसलो. काल संध्याकाळी मी बापूजींना सगळं सांगितलं. त्यांनी ते कुरतडलेलं टोक मागून घेऊन बघितलं. मग म्हणाले, दुकानाचं नाव मी केलं, त्याचं काय व्हायचं ते होऊ दे. आज सकाळी ते काठी टेकत माझ्याबरोबर कचेरीत आले. तेल मी लावलं, न बघता पट्टा मी दिला, डोंगरसिंगने विचारल्यावर खोटं मी बोललो, असं मी लिहून दिलं, ते कुरतडलेलं टोक जोडलं आणि खाली सही केली. साक्षीदार म्हणून दुसरी सही बापूजींची आहे. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता तुला बोलवायला सांगितलं. नक्कल या पाकिटात आहे. तुला आधी विचारलं असतं तर तू मला पुन्हा गप्प बसवलं असतंस, म्हणून कागद देऊन आल्यावर लिहितो आहे. रागावलास तर खुशाल रागाव, पण सोमवारी ये. मोतीबाईला मी आजच चोपड्याला निरोप धाडला आहे.

तुझाच,
अभयकुमार