हळद लागलेल्या मामाचा खुलासा

चि. सौ. संजना हिला आबाजीमामाचे पोटभर आशीर्वाद.

खोपोलीला सगळे खुशाल ना? जावईबापू रूपेशरावांची पाठ कशी आहे? (मला पाहून ते फाटकातूनच इतक्या जोरात मागे वळले की लचकली असणार.) त्यांनी सांगितलं ते खरं आहे. वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात तुझा मामा गालाला हळद फासून, मुंडावळ्या बांधून बसला होता आणि शेजारी इथल्याच गौराबाई होत्या. तेव्हापासून तुमच्याकडून एक फोन नाही. मला ते फार लागलं, म्हणून हा खुलासा.

सगळं केलं मोतीबाईंनी. या बाई जन्मभर धवलारीण, म्हणजे गावोगावच्या मांडवात धवले गाऊन लग्नं लावणाऱ्या. म्हातारपणी विसरण्याचा आजार झाला. मुलाचं नाव गेलं, स्वतःचं गावही गेलं, पण धवला एकही विसरल्या नाहीत. आता झालं असं, की मी आणि गौराबाई सकाळचा चहा एका बाकावर घेतो. (बाक एकच उन्हात आहे, दुसरं कारण नाही.) मोतीबाईंनी ते पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून गरजल्या, "अगं, लगीन नाय झालं तुजं, नि या बाप्याजवल बसलीस? लाज हाय का नाय?" लगेच स्वयंपाकघरातून हळद आली, मूठभर तांदूळ आले. तपासायला आलेल्या डॉक्टर झाकीरना त्यांनी नवरीचा मामा ठरवलं आणि चादरीचा अंतरपाट धरायला लावला. बिचारे गळ्यात नळी घालून उभे राहिले, वर "मामाला पान नाय दिलं" म्हणून रुसूनही दाखवलं! सगळा आश्रम टाळ्या पिटत होता. ज्यांना खाटेवरून उठवत नाही असे दोघे वरातीत नाचले.

दुसऱ्या दिवशी बाई सगळं विसरलेल्या. आम्ही पुन्हा बाकावर, त्या पुन्हा कमरेवर हात ठेवून. असं रोज, गं! रूपेशरावांनी त्यातलंच एखादं लग्न पाहिलं. यात माझा काय दोष?

गेल्या आठवड्यात मोतीबाई झोपेतच गेल्या. सकाळी आम्ही बाकावर बसलो, तर रागवायला कोणी आलं नाही. मला रडू आलं. चहा तसाच राहिला. बाईनं आम्हा सगळ्यांना किती हसवलं, ते आठवून मग दोघंही हसत बसलो.

तर मनात किंतु ठेवू नका. लग्नबिग्न काही झालेलं नाही.

तुझा,
आबाजीमामा

ता. क. : गौराबाई म्हणाल्या, "आता रोज लावून द्यायला कोणी नाय. एकदाच काय ते उरकून घेऊ." मी हो म्हटलं. येत्या रविवारी, इथंच व्हरांड्यात.

ता. ता. क. : रूपेशरावांना घेऊन ये. पण माझ्या बाजूला बसू नकोस. माझ्याकडे अख्खा आश्रम आहे, गौराबाईंकडून कोणीच येत नाही. तू मुलीकडची हो.