सईविषयी दिलेला अभिप्राय

१२ फेब्रुवारी २००७, सोमवार. नेकारसुल्म, जर्मनी
सकाळी उणे दोन. सईला किंडरगार्टनमध्ये पोहोचवून आलो. वाटेत नातीने आठ वाक्ये उच्चारली; पैकी सहा जर्मन. उरलेल्या दोहोंत तीन चुका. ‘मला थंडी होतो’ म्हणाली. ‘थंडी वाजते’ असे तीनदा म्हणवून घेतले. नंतर फाटकापर्यंत गप्प.

संध्याकाळी चि. श्रीरंग मोटारींच्या कारखान्यातून आला तो बातमी घेऊन. सप्टेंबरात सईची पहिली. तत्पूर्वी आरोग्य खात्याची डॉक्टरीण प्रत्येक मुलाची तपासणी करते. सईचे जर्मन वयाच्या मानाने मागे पडते आहे. तेव्हा घरची भाषा ती कशी बोलते, ते कुणा जाणत्याने लिहून द्यावे, असे बाई म्हणाल्या. श्री.ने माझे नाव सुचविले. ‘म्हटलं, माझे वडील चौतीस वर्षं शिक्षण खात्यात होते. माझ्या लग्नपत्रिकेचीसुद्धा त्यांनी तीन प्रुफं तपासली.’ बाई हसल्या म्हणे.
मला बरे वाटले, हे नमूद करतो.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
अभिप्राय पूर्ण. मसुदे तीन. ‘शब्दसंग्रह तीन वर्षांच्या मुलाइतका. वाक्ये अपूर्ण. लिंगभेदाचे भान नाही. प्रश्न विचारल्यास मौन. एकूण असमाधानकारक.’ नात म्हणून झुकते माप दिले असते, तर आजवर परक्यांच्या मुलांना दिलेल्या शेऱ्यांना काय अर्थ उरला असता?
श्री.ने जेवता जेवता भाषांतर केले. जरा कडक आहे, म्हणाला. खरे आहे की नाही, एवढेच मी विचारले. ‘या, खरं आहे.’ (‘या’ हे जर्मन. मराठीत ‘हो’ असा शब्द आहे.) सौ. मंजिरीला तिच्या कचेरीच्या गडबडीत दाखवायचे राहिले.

२० फेब्रुवारी, मंगळवार
फाशिंग. येथील शिमगाच. सई मधमाशी झाली होती. टपाल कचेरीतील गृहस्थ लाल नाक लावून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने तिकिटे देत होते.

८ मार्च, गुरुवार
पत्र आले. सुनेने उभ्यानेच वाचले, मग मला अर्थ सांगितला. मुलीचे जर्मन कच्चे. घरची भाषाही तितकीच कच्ची, असे कुटुंबातील तज्ज्ञाचे लेखी मत. दोन्ही कच्च्या, म्हणजे दोष भाषेत नसून आकलनात असण्याचा संभव. सबब नेहमीच्या शाळेऐवजी फ्योर्डरशूलेसाठी, म्हणजे संथ मुलांच्या वेगळ्या शाळेसाठी, चाचणी घ्यावी.
मंजिरीने माझा मूळ मराठी कागद मागितला. वाचला. घडी घालून माझ्यापुढे ठेवला.
‘बाबा, पाच वर्षांची आहे हो ती. तुम्ही दहावीचा पेपर तपासलात.’
आवाज चढविला नाही. चढविला असता तर बरे झाले असते.

९ मार्च, शुक्रवार
घरात कामापुरते बोलणे. श्री. सांगत होता, त्या शाळेत गेलेले मूल परत नेहमीच्या शाळेत येणे फार अवघड. शिवाय शिक्षण हा येथे केंद्राचा नव्हे, राज्याचा विषय. तासाभराच्या अंतरावर दुसरे राज्य. तिथे राहत असतो तर हा कागद कदाचित कुणी मागितलाही नसता, म्हणाला.

राज्याचे धोरण म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. नोकरीची पहिली वर्षे अक्कलकोट तालुक्यातील शाळा तपासण्यात काढली. सीमेलगतची गावे. मुलांच्या घरी कानडी, शाळेत मराठी. मी वर्गात शिरलो की सगळे चिडीचूप. शेरेबुकात लिहीत असे: ‘आकलन मंद.’ हिरेमठ नावाचे मास्तर एकदा एस.टी.पर्यंत पोहोचवायला आले. ‘साहेब, घरी येऊन ऐका की एकदा. तिथं थांबत न्हाईत पोरं.’
मी म्हणालो, ‘घर परीक्षा घेत नाही, मास्तर.’
हे वाक्य मला त्या काळी आवडलेही होते. कचेरीत दोघांना सांगितले होते.
त्या वर्षी चौथीला किती मुले खाली ठेवली गेली? आठवत नाही. आठवायला हवे.

११ मार्च, रविवार
मंजिरी आपण होऊन बोलली. सई आंघोळीच्या वेळी अखंड बोलते म्हणे, आणि मराठीच. शांपूच्या बाटल्यांची लग्ने लावते, रुसवेफुगवे, वरातीसह. मी विचारले, मग मला कसे कधी ऐकू येत नाही?
‘तुम्ही नुसते खोकलात तरी थांबते.’
मी दुपारभर पुस्तक उघडून बसलो. पान उलटले नाही.

१४ मार्च, बुधवार
दुसरा कागद लिहिला. ‘दि. १५ फेब्रुवारीचा माझा अभिप्राय सदोष होता. मूल माझ्यासमोर बोलत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.’ दिलेले मत लेखी मागे घेण्याची आयुष्यातील ही पहिलीच वेळ. उशिराची.
श्री.ने भाषांतर करून लगेच फॅक्स केला. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा त्याला फोन. ‘कागद दोन, सही एकच. मी कोणता खरा मानू?’ त्यांचे चूक नाही. मी त्यांच्या जागी असतो तर दुसरा कागद फायलीला लावलाही नसता. त्यांनी मार्ग सुचविला: ‘मुलीला मराठी बोलताना मला स्वतः ऐकू द्या. भाषा मला कळली नाही तरी चालेल, बोलण्याचा ओघ कळतो. २९ तारखेस आणा. आजोबांशीच बोलू दे.’
माझ्याशी.

२२ मार्च, गुरुवार
सईबरोबर द्राक्षमळ्यांकडे फिरायला. वेली छाटून ठेवलेल्या, अजून कोंब नाही. काहीही दुरुस्त करायचे नाही, असे ठरवून निघालो होतो. वळणावर तिने बोट दाखविले. ‘आजोबा, तो गाडी. बाबा तसला बनवतो.’
मी ‘हो’ म्हणालो.
ती थबकली. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी काहीच बोलत नाही, असे पाहून हळूच म्हणाली, ‘ती गाडी?’
तिने माझा हात सोडला नाही. मात्र परत येईपर्यंत चकार शब्द काढला नाही.

२६ मार्च, सोमवार
आणखी तीन दिवस. श्री. म्हणतो, बाबा, तुम्ही तिला काही शिकवू नका, फक्त खेळा. कसे खेळतात ते मला विचारावे लागले. चहाच्या पेल्यांत खोटा चहा प्यायलो. साखर कमी आहे म्हणालो. सईने मान हलवून साखर घातली. शब्द नाही.

२९ मार्च, गुरुवार
तपासणीची खोली स्वच्छ, ऊबदार. डॉक्टरीणबाई वयस्क, चेहऱ्याने सौम्य. त्यांनी बाजाराचे एक मोठे चित्र सईपुढे ठेवले आणि आजोबांना यात काय चालले आहे ते सांग, असे सांगितले. सईने माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या बुटांकडे. भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटे गेली. ‘कसंही सांग गं, सई,’ मी म्हणालो. तिने ओठ आणखी घट्ट मिटले.
बाई मंजिरीशी हलक्या आवाजात जर्मनमध्ये बोलल्या. मंजिरी माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘बाबा, तुम्ही जरा बाहेर बसता का?’

बसलो. बऱ्याच वेळाने आतून सईचा आवाज येऊ लागला. शब्द कळत नव्हते. मराठी की जर्मन, तेही नाही. मध्ये एकदा खळखळून हसली. पुन्हा बोलू लागली. एवढा वेळ सलग तिचा आवाज मी या तीन महिन्यांत ऐकला नव्हता.
निर्णय ईस्टरनंतर टपालाने कळवितील. माझे विमान मंगळवारी.
दार उघडले तेव्हा ती आईचे बोट ओढत काहीतरी सांगत होती. मला पाहिले आणि वाक्य तिथेच सोडले. पुढे काय होते, ते मी विचारले नाही.