ग्रहणासाठी कापलेली फिल्म

शिवडी कोळीवाडा,
८ ऑगस्ट २०२१

चि. हरेश्वर यास थोरली बहीण गुणाबायचे पोटभर आशीर्वाद.

शांतीचा खांदा कसा आहे? टोपली उचलताना अजून कळ येते का? तिला सांग, दादरच्या बाजारात टोपली उतरवायला कुणाला तरी हाक मारत जा, लाजू नको. दौलतची रात्रपाळी संपली का, आणि त्याचा खोकला? शेजारच्या रामजीची साखर? त्याला म्हणावं, श्रावण लागतोय म्हणून उपासाच्या नावाखाली गोडावर हात मारू नको. माझे गुडघे तसेच, कान त्याहून तसेच.

सगळ्यांचं झालं, आता तुझं. परवा तू फोनवर ओरडून सांगितलंस, त्यातले मला चार शब्द कळले. तुझ्या चाळीला मात्र सगळं कळलं असणार. म्हणून यापुढे छातीचं बोलणं पत्रातून. शिवडीहून लालबागला पत्र जायला तीन दिवस लागतात, लागू देत.

काल बकुळाला घेऊन परळच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी सांगितलेलं लेक माझ्या कानाशी पुन्हा सांगत होती. तू त्यांच्यासमोर नुसती मान हलवून आलास, हेही त्यांनीच सांगितलं. तर ऐक. एप्रिलात करोनाने तुझ्या छातीत जे पांढरे डाग आले होते, ते जुलैच्या सीटीत गेलेत. एक राहिलाय, आठ मिलिमीटरचा. तो घट्ट गाठीसारखा नाही. आपल्या मोरीच्या खिडकीला दुधी काच आहे ना, पलीकडचं झाड पुसट दिसतं, तसा. त्याच्या आडून फुप्फुसाच्या शिरा दिसतात. असा डाग जुन्या सुजेचा असू शकतो, किंवा फार हळू चालणाऱ्या कॅन्सरची सुरुवातही असू शकते. डॉक्टरांनी लपवलं नाही, म्हणून मीही लपवत नाही. पण इतक्या लहान, पुसट डागाला आज सुई टोचून काही कळायचं नाही आणि घाईने कापायचंही नाही. पुढच्या जुलैत पुन्हा सीटी. तो वाढला का, आणि दुधी काचेत घट्ट दाणा धरला का, एवढंच बघायचं. डॉक्टरांकडे राहिलेलं सीटीच्या फिल्मचं पाकीट बकुळाच्या हाती पाठवतेय, जपून ठेव. जुनं शेजारी ठेवल्याशिवाय नव्याचा अर्थ लागत नाही.

तुझा लोभ चुलीवरच्या कालवणासारखा मंद आचेवर राहू दे.
गुणाबाय


लालबाग,
१७ ऑगस्ट २०२१

ती. गुणाबाय हिला हरेश्वरचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

शांतीचा खांदा बरा. दौलतचा खोकला गेला. रामजीने तुझा निरोप ऐकला आणि माझ्यासमोरच पेढा तोंडात टाकला.

बाय, तू रागावशील, पण थांबा हा शब्द माझ्यापुढे काढू नको. ब्याऐंशीच्या जानेवारीत आम्ही मिलच्या दाराबाहेर बसलो तेव्हाही सगळे हेच म्हणाले. थोडं थांबा, बघू या, होईल. शांतीने डोक्यावर मासळीची टोपली घेतली तीही थांबू म्हणूनच, दोन महिन्यांपुरती. तिचा खांदा गेला, मिल गेली, तिथे काचेचा टॉवर उभा राहिला आणि त्याच्या दाराशी आज माझा मुलगा, आपला दौलत, रखवाली करतो. आम्ही अजून थांबलेलेच आहोत. तेव्हा डॉक्टरला म्हणावं, वाईट असेल तर आत्ता काप. नसेल तर मला विसरू दे.

आणि माझं मत विचारशील तर तो कापूस आहे. बारा वर्षं कापूस पिंजायच्या खात्यात काढली, थोडा आत राहिला असेल. राहू दे, एवढीच निशाणी उरली मिलची.

पाकीट माळ्यावर टाकलंय. राग धरू नको, धरलास तरी पत्रातून धर.
तुझा हरेश्वर


शिवडी कोळीवाडा,
२३ ऑगस्ट २०२१

चि. हरेश्वर यास आशीर्वाद, आणि एक धपाटा.

कापसाचं मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, कापसाच्या धुळीने दम लागतो, छाती आवळते, तो आजार निराळा. कापूस असा एका जागी डाग करून बसत नाही. तेव्हा ती निशाणी मनातून काढ.

संपाचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. खोटं त्यात काही नाही. पण तुम्हाला थांबा म्हणणाऱ्यांतल्या एकाने तरी तारीख दिली होती का रे? अमुक दिवशी बसू, अमुक झालं नाही तर तमुक करू, असं कुणी म्हणालं होतं? या डॉक्टरांनी म्हटलंय. दोन हजार बावीसचा जुलै. डाग तसाच असला तर पुढचा सीटी दोन वर्षांनी, वाढला तर लगेच पुढचं. हे वाट बघणं वेगळं आहे, यात आपल्या हातात काहीतरी आहे. जुलैत तू गेला नाहीस तर मी तुझे तीन मजले चढून येईन, मग माझे गुडघे तुझ्या माथी.

शांतीला सुकी करंदी पाठवलीय, ती बारीक कोळंबी कालवणात टाक म्हणावं. माया पातळ करू नको.
गुणाबाय


लालबाग,
२८ ऑक्टोबर २०२२

ती. गुणाबायला दिवाळीचा नमस्कार.

फराळ पोचला. चकल्या बकुळाने केल्या हे कळलं, कारण त्या मोडायला रामजीला अडकित्ता लागला.

जुलैचं विचारशील म्हणून आधीच सांगतो. तेव्हा शांतीला ताप होता, मग गणपती आले, मग राहिलं. मला काही होत नाही, तीन मजले चढतो, दम लागत नाही. जाईन.

यंदा मजा मात्र झाली. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या मधे ग्रहण आलं ते तू पाहिलंस का? अख्खी चाळ गच्चीवर. टॉवरांच्या फटीतून सूर्य उतरत होता आणि बघायला कुणाकडे काही नाही. मला माळ्यावरच्या पाकिटाची आठवण झाली. शांतीच्या मासळीच्या कात्रीने त्या मोठ्या काळ्या फिल्मचे तुकडे केले आणि घरटी एक वाटला. कुणाला माझ्या बरगड्यांतून ग्रहण दिसलं, कुणाला काळजातून. रामजी ओरडत होता की, हरेश्वरच्या छातीत सूर्य निम्मा खाल्लेला आहे! मिल सुटल्यावर पहिल्यांदा माझी छाती कुणाच्या कामी आली, बाय.

तुझ्या शिव्यांची सवय आहे, पण प्रेम आटवू नको.
हरेश्वर


शिवडी कोळीवाडा,
१ नोव्हेंबर २०२२

हरेश्वरा,

आशीर्वाद नंतर देते. असल्या फिल्ममधून ग्रहण बघून डोळे जातात, हे एक. आणि ती फिल्म म्हणजे तुझा जुना डाग होता, हे दुसरं. नव्या सीटीत डाग दिसला तर तो वाढलेला की तसाच, हे आता कशाशी ताडून बघायचं? ग्रहणाशी?

मी बकुळाला त्या सीटीवाल्याकडे पाठवलं. करोनात उघडलेलं दुकान ते, करोनाबरोबर बंद झालं. तिथे आता चपला मिळतात.

त्या पाकिटात एक चकचकीत चकती होती, डॉक्टरांनी मला दाखवली होती. सगळी चित्रं तिच्यात असतात म्हणाले. ती कुठे आहे? पत्राने उत्तर देऊ नको. मी पुढच्या गुरुवारी येतेय. माझ्यासाठी प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची ठेव.
गुणाबाय


लालबाग,
२४ नोव्हेंबर २०२२

ती. गुणाबायला साष्टांग नमस्कार. गुडघ्यांना वेगळा.

तू आलीस त्या दिवसाची चाळीत अजून कहाणी चालू आहे. तिन्ही खुर्च्यांवर बसून तू माझा उद्धार केलास आणि वर येईपर्यंत प्रत्येक बिऱ्हाडाने फिल्मचा आपापला तुकडा आणून दिला. छातीची गोष्ट पत्रातच ठेवायची ठरलं होतं, ती अशी घरोघरी गेली. तुकडे जुळवले तरी मधली एक पट्टी कमीच, आणि नेमकी डाग होता त्या उजव्या बाजूची. मी हात टेकले होते. तू मात्र गॅलरीत टक लावून बघत राहिलीस, आणि कबुतरं हाकलायला शांतीने पाकिटातून काढून दोरीला टांगलेली ती चकती तूच ओळखलीस. वर्षभर उन्हात फिरत होती बिचारी.

तू विचारत होतीस म्हणून सगळं लिहितो. नवा सीटी झाला. परळच्या हॉस्पिटलात चकती पुसून मशीनमध्ये घातली, दोनदा मशीन नाही म्हणालं, तिसऱ्यांदा उघडली. डॉक्टरांनी जुनं आणि नवं चित्र शेजारी लावलं. मलाही दिसलं, बाय. तेव्हा नुसती दुधी काच होती. आता ती पसरलीय आणि मधे मसुरीच्या दाण्याएवढं घट्ट झालंय. ते म्हणाले, जुनं नसतं तर हा दाणा नवा की पहिल्यापासूनचा हे कळायला अजून तीन महिने थांबावं लागलं असतं. आता थांबायचं कारण नाही. फुप्फुसाचा तेवढा भाग काढायचा.

आणि आता मी त्यांना काय म्हणालो असेन? जरा थांबू या. दौलत माझ्याकडे बघतच राहिला. रात्री शांती खांदा चोळत बसली. मला भीती वाटते, हे फक्त तुलाच लिहितो.
हरेश्वर


शिवडी कोळीवाडा,
२८ नोव्हेंबर २०२२

चि. हरेश्वर यास भरभरून आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून.

भीती वाटू दे. दर्यावर जाताना आपल्या बापालाही वाटायची, तो जाळं तपासायचा आणि जायचा. मी डॉक्टरांशी बोलले. चौदा डिसेंबर. तारीख मी घेतली आहे, तू फक्त यायचंस. आदल्या रात्री शांती माझ्याकडे झोपेल आणि सकाळी आम्ही दोघी बाकावर असू. मला ऐकू येत नाही, त्यामुळे तुझं नाही म्हणणं मला पोचणार नाही.
गुणाबाय


लालबाग,
१५ जानेवारी २०२३

ती. गुणाबायला नमस्कार. वाकता येत नाही, टाके ओढतात, म्हणून बसल्या जागेवरून.

तपासणीचा कागद काल आला. कॅन्सरच होता, पण अगदी पहिल्या पायरीवरचा. कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, आजूबाजूच्या गाठी तपासल्या त्याही स्वच्छ. केमो वगैरे काही नको म्हणाले. शांतीने हे ऐकलं आणि तिथेच हॉस्पिटलच्या बाकावर डोक्यावरची टोपली उतरवावी तशी बसली. दौलत तिच्या शेजारी बसला. मला रडता येईना, टाके दुखत होते.

रामजी रोज येतो, कुणी बघत नसलं की माझी जेली खातो. शिव्या घालायला ताकद आली की घालीन.

चकती आता कपाटात आहे, शांतीच्या लग्नाच्या लुगड्यात गुंडाळून. नवीही तिथेच. गॅलरीत कबुतरं परत आली आहेत, रोज घाण करतात. शांती रोज झाडू घेते आणि रोज चकती टांगू का विचारते. मी नाही म्हणतो.

पुढचा सीटी जूनमध्ये. डॉक्टरांनी विचारलं, सहा महिने थांबाल ना? मी म्हणालो, थांबेन, पण दिवस सांगा. त्यांनी सांगितला, बारा जून. दौलतने भिंतीवर खडूने लिहिलाय. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला थांबा म्हणताना दिवस सांगितला, बाय.

तुझे गुडघे कसे आहेत, कान कसे आहेत, बकुळाच्या चकल्या मऊ झाल्या का? उत्तर लगेच लिही. कोणत्या दिवशी पोचेल ते बकुळाला फोनवर सांगायला लाव, मी त्या दिवशी खाली पेटीपाशी उभा राहीन.
तुझा हरेश्वर