सुटा आकडा

१२ जुलै
केलेपीचा पाय चिरडला. माझ्या बोटीवर! प्रवाळाकडे निघालो होतो, बुडी मारायला आलेले पाहुणे गप्पा मारत होते, वारा आडवा. एक लाट आली, बोट कलली आणि शेवटच्या खाचेतला हवेचा सिलिंडर निघून थेट त्याच्या उजव्या पावलावर. पंधरा किलोचं लोखंड. "दाजी, बोट फिरव," एवढंच म्हणाला.
सगळे म्हणतात, सिलिंडर बांधायचा रबरी पट्टा तुटला. मी मान हलवली.

१३ जुलै
पट्टा तुटलेला नाही. इथे तरी खोटं कशाला लिहू?
धक्क्यावर आठ सिलिंडर चढवले. सात बांधले. आठव्याला पट्टा घातला, आकडा अडकवणार तेवढ्यात एका पाहुणीने पाण्यातला चष्मा मागितला. द्यायला गेलो — राहिलंच! एकोणीस वर्षं बोट चालवतोय मी.
आज जाऊन पाहिलं. पट्टा धड, आकडा धड. बोटीचा मालक येताना दिसला. खिशातला चाकू काढला आणि पट्टा कापला.
"रबर कुजलं असेल," मालक म्हणाला.

१७ जुलै
जखम चिघळली. त्याला साखरेचा आजार आहे, कुणाला ठाऊकच नव्हतं. सुव्हाच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

१९ जुलै
पाऊल कापलं.

२० जुलै
केलेपी म्हणजे पाण्यातला माणूस. इथल्या प्रवाळाचं भोक न् भोक त्याला पाठ. बायकोचा धाकटा भाऊ, त्यामुळे माझी थट्टा करायचा त्याला हक्कच. "दाजी, सिलिंडर राहू दे, स्वतःचे बूट तरी बांधता येतात का?" — रोज! पाहुणे हसून लोळायचे.
बायको, लितिया, दालोचे कंद सोलत बसली होती. "समुद्राशी कोण भांडणार? तुझा काय दोष?" म्हणाली.

२४ जुलै
चर्चमध्ये केलेपीसाठी प्रार्थना झाली. पाद्री माझंही नाव घेऊन म्हणाले, "मानासाने बोट वेळेत परत आणली." लोकांनी माना वळवून पाहिलं. एका म्हातारीने माझा हात हातात घेतला. मला धरणी पोटात घेईल तर बरं.

२ ऑगस्ट
लितियाला सांगितलं. सगळं.
ती उठून बसली. मग — "चाकूने कापलास?"
"हो."
"विसरलास, ते मी पोटात घातलं असतं. माणूस विसरतो. पण तू कापलास! आणि मी शेजारी झोपत होते."
चटई गुंडाळली, बापाच्या घरी गेली.

३ ऑगस्ट
मालकालाही सांगितलं. "बोटीची किल्ली ठेव," म्हणाला. ठेवली.

५ ऑगस्ट
तांबुआ घेऊन सासऱ्यांकडे गेलो. माझ्याकडे देवमाशाचा तो एकच दात, आजोबांच्या वेळचा. माझ्या वतीने क्षमेचे शब्द माझा थोरला भाऊ बोलला. मी दारातच मान खाली घालून बसलो. सासऱ्यांनी दात हातात घेतला, फिरवला, फिरवत राहिले.
"घेतला," म्हणाले. "आजपासून हा विषय पुरला." आणि मग हळूच, "पाय काही उगवणार नाही, मानासा."
आत लितियाच्या बांगड्या वाजल्या. बाहेर आली नाही.

११ ऑगस्ट
केलेपी परत आला. धक्क्यावर सगळं गाव. मी गेलो नाही. कसावा उकडला, तसाच पडून. या घरात आता माझंच पाऊल वाजतं, आणि तेही नकोसं होतं.

१४ ऑगस्ट
केलेपीने बोलावणं धाडलं. खोलीतून सगळ्यांना बाहेर काढलं.
"दाजी, तो आकडा सुटा आहे, हे मला धक्क्यावरच दिसलं होतं. म्हटलं, प्रवाळावर पोचल्यावर पाहुण्यांसमोर तुझी फजिती करू." हसायला गेला, जमलं नाही. "हात लांब केला असता तरी पुरलं असतं."
मी त्याच्या खाटेच्या पायगतीला बसून राहिलो.
निघताना म्हणाला, "हे ताईला सांग. परत येईल."
नाही सांगणार. पाय त्याचा गेला, वर दोषही त्याच्याच माथी नको.