आतून उघडं, बाहेरून बंद

फोर्ट पोर्टल
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय अत्वूकी,

रविवार, १७ ऑगस्ट, दुपारी पावणेचार वाजता तू माझ्या तोंडावर फोन बंद केलास. हल्लीच्या फोनला आपटायची सोय नाही, पण आपटल्याचा आवाज मला इथे ऐकू आला. तारीख आणि वेळ आधी लिहिते आहे, कारण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनिग्नांनी आम्हाला तक्रार तशीच लिहायला शिकवली होती. आधी केव्हा, मग कोणी, मग काय. रडणं सगळ्यात शेवटी, आणि तेही कागदावर जागा उरली तर. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी जन्मभर लोकांच्या तक्रारी अशाच लिहून घेतल्या. आता माझी कोणीतरी घ्यावी.

त्या दिवशी मी काय म्हणाले ते पुन्हा लिहिते, कारण मी ते मागे घेतलेलं नाही. पोरगी चार महिन्यांची झाली होती आणि तिला एम्पाको नव्हतं. सिग्रिड हे नाव तुम्ही ठेवलंत, ठेवा. ते उच्चारताना माझी कवळी हलते, तरी मी काही बोलले नाही. नाव शाळेच्या पटासाठी असतं, पोलिसासाठी असतं. एम्पाको घरच्यांसाठी, मायेने आणि मानाने हाक मारायला; मी आद्येरी, तू अत्वूकी. सकाळी त्या पोरीला ‘ओराइरोता’, रात्र कशी गेली, म्हणायचं आणि पुढे काय म्हणायचं? मी म्हणाले, “शेळीच्या गळ्यात तरी दोर असतो, धरून जवळ ओढता येतं. हिला मी कशाने ओढू?” तू त्यातली फक्त शेळी ऐकलीस. “आई, इथे गोथेनबर्गमध्ये एम्पाको ठरवायला नातेवाईक जमवून बाळाचा चेहरा बघत कोण बसणार आहे? नाचणीचं करो कोण घाटणार? हेन्रिकची आई?” असं तू म्हणालीस, आणि मी म्हणाले, “सासूला शिकव की. पण तुला तरी कुठे येतं?” मग पावणेचार वाजले.

आता त्या यंत्राबद्दल. मागच्या वर्षी पोटुशी असताना आलीस तेव्हा तू तुझा जुना संगणक जेवणाच्या खोलीत, तुझ्या वडिलांच्या रेडिओशेजारी मांडलास आणि त्याचा सर्व्हर केलास. मी विचारलं, “हे कशाला? सगळं जग त्या मोठ्या कंपन्यांच्या जागेत गोष्टी ठेवतं ना?” तू म्हणालीस, “परक्याच्या कपाटात आपल्या गोष्टी कशाला, आई? आपलं घर, आपलं दार. बाळ तिकडून येऊन ऐकेल.” मला ते फार आवडलं, पण मी तसं म्हणाले नाही. मी त्या यंत्रावर विणलेला रुमाल घातला तर तू ओरडलीस, “काढ तो, त्याला गुदमरतं!” तुझ्या वडिलांचा रेडिओ चाळीस वर्षं रुमालाखाली होता, तो बिचारा कधी काही बोलला नाही.

तू जायच्या आधी माझ्या फोनवर एक खूण ठेवून दिलीस. तिच्यावर बोट ठेवलं की आपलं पान उघडायचं. बाळ झाल्यापासून दर रविवारी मी एक गोष्ट सांगून त्यावर चढवत होते, आपल्या भाषेत, सशाची, कासवाची, त्या डोंगरावरच्या आळशी राजाची. संध्याकाळी तुझे दोन शब्द यायचे, “ऐकली, झोपली.” मी आठवडाभर त्या दोन शब्दांवर राहायचे. इथे आता माझ्याशी बोलायला दूधवाला येतो, आणि तोही बादलीत बघून बोलतो.

१७ ऑगस्टनंतर ते दोन शब्द थांबले.

मी थांबले नाही. एवढं लक्षात ठेव. मी दर रविवारी खुर्चीत बसले, खिडक्या लावल्या, गोष्ट सांगितली. सुरुवातीला ‘ओराइरोता’ म्हणत होते आणि पुढे एम्पाकोची जागा मोकळी सोडत होते. दोन श्वासांएवढी. माझ्या मनात एक एम्पाको होतं, जिभेच्या टोकापर्यंत यायचं, पण ते ठरवणारी मी एकटी कोण? मोकळी जागा सोडायची आणि पुढे सशावर यायचं. मग खुणेवर बोट ठेवून बघायची. पान उघडायचं, माझाच आवाज मला ऐकू यायचा. म्हणजे तिकडेही पोचतोय, असं मी धरून चालले. पोचतोय आणि तू मुद्दाम गप्प बसली आहेस. हट्टाला माझ्यावर गेलीस ते चांगलंच झालं, पण तो माझ्यावरच चालवायचा? मी मनातल्या मनात तुला काय काय म्हणाले ते लिहीत नाही. सिस्टर बेनिग्ना वरून बघत असतील.

ऑक्टोबरात रेडेम्प्टा अमूती आली, होइमाहून. तुला ती आठवत असेल, एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची आणि लोकांची भांडणं ऐकून जोडणी तोडायची विसरायची. आल्या आल्या म्हणाली, “आद्येरी, तू जिवंत आहेस होय! तुझं दुकान कधीचं बंद, मला वाटलं खपलीस आणि मला कोणी कळवलं नाही.”

“कुठलं दुकान?”

“ते गोष्टींचं. नातवंडांना ऐकवावं म्हणून लावते, तर नुसतं गोल फिरतं, फिरतं आणि पांढरं होतं.”

मी तिला माझ्या फोनवर पान उघडून दाखवलं. तिने स्वतःचा फोन काढला, घरचं वायफाय न घेता पत्ता टाकला. गोल फिरलं आणि पांढरं झालं. आम्ही दोघी एकाच सोफ्यावर बसलो होतो, मांडीला मांडी लावून. माझ्याकडे ससा बोलत होता आणि तिच्याकडे काही नव्हतं.

“तुझं घर आतून उघडं आहे गं, बाहेरून बंद,” ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही. म्हणजे मी इतके रविवार कोणाशी बोलत होते?

मी हात जोडून बसणाऱ्यातली नाही, हे तुला ठाऊक आहे. लाइन मेली की शेवटापासून सुरुवात करायची आणि एकेक सांधा तपासत मागे यायचं, हे मी तू जन्मायच्या आधीपासून करते. पहिलं यंत्र. दिवा लागलेला, पंखा फिरतो, पान देतंय, यंत्र निर्दोष. मग तू ठेवलेली ती खूण. ती होती आपल्या घरातल्या घरातल्या पत्त्याची! म्हणजे मी इतके दिवस स्वयंपाकघरातून जेवणाच्या खोलीत फोन करत होते आणि समजत होते की स्वीडनला लागला. हे तू मला सांगायला हवं होतंस. मग राउटर. बाहेरून कोणी आलं तर त्याला यंत्राकडे पाठवायचं, हा तू घातलेला नियम जागेवर होता. मग नाव. आपल्या पानाच्या नावामागे घराचा बाहेरचा नंबर बरोबर बसतो का ते बघितलं, आणि तिथे मला वास आला. राउटर स्वतःचा म्हणून एक नंबर सांगत होता, आणि बाहेरच्या जगाला आपल्या घराचा दुसराच नंबर दिसत होता.

रेडेम्प्टाकडे बघितलं. तिलाही कळलं. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, “हॉटेलची खोली!” हॉटेलच्या खोलीतून तू जगात कुठेही फोन लावू शकतेस. पण बाहेरून तुझी खोली कोणालाच लागत नाही. मध्ये हॉटेलचा नाका असतो, आणि त्या नाक्यावर तुझं नाव माहीत असलेलं कोणी बसलेलं नसेल तर घंटा तिथेच विरते. कोणीतरी आपलं घर उचलून असल्या हॉटेलात नेऊन ठेवलं होतं. शेकडो घरं, वर एकच नंबर.

दुसऱ्या दिवशी मी रविवारचा गोमेसी झगा घालून इंटरनेटवाल्यांच्या कार्यालयात गेले. तिथली मुलगी गोड होती, नखं रंगवलेली. “आजी, घरी इंटरनेट चालतंय ना? गाणी वाजतात ना? मग बिघाड कसला?”

“बाळ, मला बाहेर जायचं नाहीये. लोकांना माझ्याकडे यायचंय.”

“कोणाला?”

तिने सहज विचारलं. मी चष्मा पुसला आणि हा बदल कधी केलात ते विचारलं. तिने पडद्यावर बघितलं. सोमवार, १८ ऑगस्ट, सकाळी. “तुमच्या संमतीने, आजी. आमच्या माणसाने फोन करून विचारलं होतं.”

मी भांडणारच होते. केला होता फोन. मला तो आठवला.

अत्वूकी, त्या रात्री मला झोप लागली नव्हती. सकाळी फोन वाजला तेव्हा मला वाटलं तू आहेस. एका पुरुषाचा आवाज आला. इतर कंपन्यांची माणसं ‘मॅडम’ म्हणून सुरू होतात आणि मी फोन ठेवते. हा म्हणाला, “ओराइरोता? आपलं एम्पाको?” मी म्हटलं, “आद्येरी. तुमचं?” “अराली.” मग रीतीप्रमाणे त्याने विचारलं, रात्र कशी गेली, आद्येरी? घरची कशी आहेत, आद्येरी? पाऊस पडला का तुमच्या बाजूला, आद्येरी? रात्र कशी गेली, हे मला त्या दिवशी जगात त्या एका माणसाने विचारलं. पुढे तो म्हणाला की नवी योजना आहे, वेग वाढेल, बिल कमी होईल, करू का? एम्पाको देऊन-घेऊन झाल्यावर तोंडावर नाही म्हणायला आपल्यात कोणाची जीभ वळते? मी म्हटलं, “करा, अराली, तुम्हाला योग्य वाटतं ते करा.” त्याने छप्पर मागितलं असतं तरी दिलं असतं. रेडेम्प्टाला हे सांगितलं तर ती डोळे पुसेपर्यंत हसली. “अराली देखणा होता का गं? आवाजावरून तरी?” या बाईला लाज कधीच नव्हती.

त्याचा दोष नाही. घराला स्वतःचं दार हवं असतं हे त्याला काय माहीत? त्याची बाकीची गिऱ्हाइकं फक्त बाहेर जातात.

मुलीने मला आपला स्वतंत्र नंबर परत द्यायचं कबूल केलं. एका हेलपाट्यात झालं नाही, पण झालं. रेडेम्प्टा तोवर होइमाला परतली होती. मी राउटर बंद करून पुन्हा चालू केला, दोन्ही नंबर शेजारी ठेवून बघितले. सारखे. मग तिला फोन लावला. तिकडून खुडबुड आली, नातवंडांचा गोंधळ आला, आणि मग ती किंचाळली, “उघडलं, आद्येरी! तूच बोलतेस! मध्ये केवढी खोकतेस गं, पोर घाबरेल. आणि सुरुवातीला ‘ओराइरोता’ म्हणून गप्प का बसतेस? बिघडलंय का?” मी म्हटलं, ते बिघडलेलं नाही.

ती ठेवायच्या आधी म्हणाली, “तुझ्या पोरीला सांगितलंस का?” मी म्हटलं, सांगेन. तेव्हापासून फोन तीनदा हातात घेतला. आयुष्यभर मी दुसऱ्यांची बोलणी जोडली, अनोळखी बायकांना त्यांच्या अनोळखी मुलींशी. मला आपलं पहिलं वाक्य सुचेना. म्हणून कागद.

आता मूळ तक्रारीकडे येते. पावणेचारचं मी सोडून दिलं. मीही तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं. तू पहिली गोष्ट ऐकलीस तेव्हापासून आजवर कोण केव्हा आलं ते यंत्र सांगतं, पण १८ ऑगस्टपासून नंबर परत येईपर्यंत कोणी दार वाजवलं का, हे त्यालाही ठाऊक नाही. जे वाजलं असेल ते त्या वरच्या नाक्यावरच विरलं, घरात काहीच पोचलं नाही. हे मला जगात फक्त तू सांगू शकतेस. त्या सोमवारी, किंवा पुढच्या एखाद्या रविवारी, पोरीला मांडीवर घेऊन तू ते पान उघडायला गेलीस का? गेली असशील, तर पांढऱ्या पडद्यापुढे तू काय समजलीस ते मला कळतं. भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी आईने आतून कडी घातली. मी कडी घातली नाही, अत्वूकी. मी आत होते आणि बोलत होते. आणि तू गेलीच नसशील, एकदाही नाही, तर तसं लिही. ते वाचायची माझी तयारी आहे असं नाही, पण मला खोटं चालणार नाही. फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी शेळीवर जाईन. उत्तर लेखी हवं, तुझ्या हाताचं, आणि ते बुधवार, २४ डिसेंबर, दुपारी बाराच्या आत माझ्या टपालपेटीत पडलं पाहिजे. बारानंतर पोस्ट नाताळासाठी बंद होतं, आणि एवढे सुटीचे दिवस न कळता काढायचं बळ आता माझ्यात नाही.

रागात आहे, तरी तुझीच,
आई