"दोनदा जाऊन आलोय"

रविवार, संध्याकाळ. घणसोली.

"मी दोनदा जाऊन आलोय, टेन्शन नको घेऊ," असं महेश म्हणाला, म्हणून तर मी त्या सुळक्यावर गेलो. खालच्या पाड्यातली माणसंही तिकडे फिरकत नाहीत.

अर्ध्यात अडकलो. खाली दरी, हाताखाली सुटा कातळ. "आता पाय कुठे ठेवू?" मी ओरडलो. वरून महेश म्हणाला, "थांब, आठवू दे." शेवटी म्हणतो, "खरं सांगू? मी फक्त व्हिडिओ पाहिलाय."

दोनदा म्हणे! पोटावर सरकत, एकेक खाच चाचपत उतरलो. गुडघे सोलले. मागून तोही तसाच उतरला आणि हसत विचारतो, "पण मजा आली ना?" कानाखाली द्यायला हवी होती. परतीच्या लोकलमध्ये तो ऐरोलीला उतरेपर्यंत मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.

घरी बायकोने, सीमाने, विचारलं, "पोचलात का माथ्यावर?" खरं सांगितलं असतं तर तिने त्याला पुन्हा दारात उभं केलं नसतं. बारा वर्षांची मैत्री. मी म्हणालो, "हो, पोचलो."

का म्हणालो? आता त्याच्यापेक्षा माझाच जास्त राग येतोय.