कै. वा. सानप यांच्या हयातीबद्दल

नाशिक,
१२ जानेवारी १९८४

तीर्थस्वरूप आणि अद्याप हयात असलेल्या मामांना,

चंद्राचा साष्टांग नमस्कार. तब्येत कशी आहे? एरवी हे मी रीत म्हणून विचारते आणि तुम्हीही न वाचता पुढच्या ओळीवर जाता. या खेपेला मात्र नीट उत्तर पाठवा, कारण इथे नाशकात तुमच्या तब्येतीविषयी फार वाईट मत आहे. मामींचे गुडघे, गोठ्यातली कालवड आणि सिन्नरच्या नळाचं पाणी ठीक असेल अशी आशा आहे. हे पत्र मामींना वाचून दाखवू नका. त्यांच्या कुंकवाचा प्रश्न आहे.

आमच्या शाळेची लायब्ररी तुम्हाला ठाऊकच आहे. (लायब्ररी म्हणजे खेळाच्या सामानाच्या खोलीतली दोन कपाटं. मुलं लेझमांच्या पेटीवर बसून वाचतात आणि पी.टी.चे सर मधूनच येऊन वाचकाला उठवून पेटी उघडतात.) त्या दोन कपाटांची बाई मी. बालदिनाला हेडसरांनी हुकूम सोडला की मुलांच्या आवडत्या लेखकाचा सोहळा करा. आवडता कोण हे विचारायची गरजच नव्हती. तुमच्या धुरपा शेळीची पुस्तकं इतकी हाताळली जातात की पुठ्ठे चिकटवायला मी घरून खळ करून आणते. तिकीट न काढता एसटीत बसलेली शेळी आणि तिला कायदा समजावणारा कंडक्टर आला की पाचवी ब अशी हसते, की शेजारच्या वर्गातले मास्तर भिंत ठोकतात. म्हणून मी तुमचं नाव दिलं. भाची म्हणून नव्हे, बाई म्हणून. (थोडं भाची म्हणूनही.)

आता घोटाळा ऐका. मी फळ्यावर लिहिलं, 'कै. वा. सानप यांचा गौरव'. पुस्तकावर छापलंय तसंच. आई तुम्हाला किती वर्षं सांगत होती की बाबा रे, कैलास असं पुरतं लिहीत जा. पण तुमचं म्हणणं, मोठे लेखक आद्याक्षरांनीच ओळखले जातात. ओळखले गेलात. हेडसरांनी फळा वाचला, चष्मा काढला आणि उभ्या उभ्या हळहळले. मग बहिरू पेंटरला बोलावून कापडी फलक रंगवायला दिला आणि बजावलं की थोर माणसाच्या बाबतीत काटकसर नको, शब्द पुरते लिही. बहिरूने पुरते लिहिले: 'कैलासवासी वा. सानप स्मृतिसोहळा'. म्हणजे नावातला कैलास तसाच राहिला, फक्त तुम्ही तिथे राहायला गेलात.

मी गप्प बसले असं समजू नका. मी हेडसरांकडे जाऊन म्हणाले, सर, ते आहेत. ते म्हणाले, "आहेतच, बाई. लेखक जातो कुठे?" मी म्हणाले, सर, ते सिन्नरला असतात. तर म्हणाले, मातीची ओढ अशी सुटत नाही. शेवटी मी स्पष्ट सांगितलं की ते माझे सख्खे मामा आहेत. तेव्हा त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं, दोन दिवसांची रजा देऊ केली आणि कार्यक्रमात आप्त म्हणून पहिल्या रांगेत बसवलं.

सोहळा मात्र, खोटं कशाला बोलू, थाटात झाला. पुस्तकामागचा तुमचा फोटो मोठा करून त्याला झेंडूचा हार घातला होता. (बरे दिसता त्यात. जिवंतपणी एवढे कधी दिसला नाहीत.) मराठीच्या निकम सरांनी तुमचा अंतकाळ असा वर्णन केला, जणू उशाशी तेच बसले होते. शेवटच्या श्वासापर्यंत म्हणे हातातून लेखणी सुटली नाही. तुमच्या हातातून काय सुटत नाही हे मला माहीत आहे, आणि त्या पुडीबद्दल मामी मला दर पत्रात लिहितात. आमच्या शिपाईणबाई बयाबाई तुमच्याच सिन्नरकडच्या. पाणी देताना त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "बाई, परवा तं स्टँडवर भजी खाताना पाह्यले म्या मामांना. लय लवकर गेले वो." मग दोन मिनिटं शांतता. पहिलं मिनिट मी हसू दाबण्यात घालवलं. दुसऱ्या मिनिटाला त्या हाराकडे बघता बघता मनात आलं की हे एक दिवस खरंच होणार आहे, आणि मामा, मला रडू आवरेना. आसपासच्या सगळ्यांनी समाधानाने माना हलवल्या.

आणि इथेच तुम्ही कामाला आलात. आमच्या संस्थेचे अध्यक्ष सावळीराम आण्णा, द्राक्षबागाईतदार, व्यासपीठावर होते. पोरांचे रडवेले चेहरे बघून ते विरघळले आणि उठून त्यांनी जाहीर केलं की सानपांच्या स्मरणार्थ वाचनालयाला स्वतंत्र खोली बांधून देतो. खिडक्यांसकट. ही खोली मी नोकरीला लागल्यापासून मागते आहे आणि दरवेळी ऐकते आहे की आधी सायकल स्टँड. पण आण्णा देतात ते फक्त मेलेल्यांच्या नावाने. मागे त्यांनी एका हयात पुढाऱ्याचं नाव व्यायामशाळेला दिलं, तर तो पुढच्याच निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. तेव्हापासून त्यांचं म्हणणं, "जित्या माणसाचा काय भरवसा नाय. मेलेला पार्टी बदलत नाय." आता जोतं झालंय, भिंती उठल्यात, आणि दारावर बसवायच्या फरशीवर तुमचं नाव कोरून तयार आहे. तुमच्या नावाआधीचा तो शब्द त्यात सगळ्यात मोठा आहे. एवढं सगळं झाल्यावर तुम्हाला कळवायचा धीर होईना, म्हणून पत्राला उशीर झाला.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची शोकाकुल भाची,
चंद्रा

ता. क. : तुम्ही येत्या शनिवारी दाढ दाखवायला नाशकात येणार असं कळलं. येऊ नका. पुढच्या आठवड्यात स्लॅब टाकायचा आहे. तेवढं होईपर्यंत कृपा करून मेलेले राहा. दाढ सिन्नरलाच काढून घ्या आणि ओरडू नका, आवाज ओळखीचा आहे. एकदा स्लॅब पक्का झाला की खुशाल जिवंत व्हा, बांधलेली खोली कोणी पाडत नाही. हे पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. आज पाचवी बमधली वैजू धुरपाचं पुस्तक अर्धं वाचून परत करायला आली. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "बाई, ते वारले ना. आता हसलं तर बरं दिसत नाही." मग मी मुद्दाम वर्गात जाऊन कंडक्टरचं पान मोठ्याने वाचलं. सगळी पोरं हात जोडून ऐकत होती. एकही हसलं नाही. शेवटी मी सांगून टाकलं की अरे, जिवंत आहेत ते, भजी खातात. तर सगळ्यांनी हेडसरांसारख्याच समजूतदार माना हलवल्या. मामा, मला हे बघवलं नाही. हसण्यासाठी लिहिलेलं पुस्तक पोरं अशी वाचणार असतील, तर खिडक्या असलेली खोली घेऊन मी करू काय?

तेव्हा वरची विनंती खोडली असं समजा. शनिवारीच या. सकाळची शाळा आहे, मधल्या सुट्टीत या. आण्णांनी स्लॅब अडवला तर अडवू दे, त्यांच्याशी मी भांडेन. फक्त चपला दाराबाहेर काढा आणि धोतर जरा वर धरून वर्गात या. पाचवी ब सगळ्यात आधी तुमचे पाय सुलटे आहेत का ते बघणार आहे.